अर्धं वाक्य पुढं

गोलकीपरचे पाय थोडे कमी चालले तरी निभतं, तोंड मात्र चालावं लागतं. माझं जन्मापासून चालू आहे. म्हणूनच कॉलेजात मुलींची फुटबॉल टीम निवडताना सरांनी मला फारसं तपासलं नाही. पाचव्याच मिनिटाला मी कुणाला तरी झापत होती, ते त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "तू मागं उभी राहा अन् ओरड." तीन वर्षं मी मागं उभी राहिली आणि ओरडली. "उजवीकडं बघ", "सोड तिला", "बॉल माझा", "झोपली का गं". चंद्रपूरच्या त्या मैदानाला लागून कोळशाचे ट्रक जायचे, त्यांच्या ड्रायव्हरांनासुद्धा माझा आवाज ओळखीचा झाला असेल. त्या तीन वर्षांत एकदाच असं झालं की जिथं तोंड उघडायला पाहिजे होतं तिथं मी गप्प बसली. ते मैदानावर नाही झालं. ते मोहर्लीला झालं, बाबांच्या समोर.

बाबा प्रॉम्टर होते. कुरखेड्याजवळ आमचं गाव, पावसाळ्यात धानाची शेती, आणि दिवाळी झाली की बाबा वडशाला नाटक कंपनीत. झाडीपट्टीच्या नाटकाची रीत बाहेरच्या माणसाला सांगितली की तो मी थापा मारतेय अशा नजरेनं बघतो. भाऊबीजेपासून होळीपर्यंत आज या गावात मंडई, म्हणजे जत्रा, उद्या त्या गावात, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. एकच नट आज एका नाटकात राजा, उद्या दुसऱ्यात दारुडा नवरा. तालमीला सवड कुणाला? नट गोष्ट ऐकून घेतो, कपडे चढवतो आणि उभा राहतो. शब्द विंगेतून येतात. तिथं एक माणूस वही घेऊन बसलेला असतो, तो एकेक वाक्य सांगत जातो. नट ते उचलतो, त्यात आपलं रडणं-गरजणं भरतो आणि अख्ख्या मंडपापुढं टाकतो. काही जुने नट तर असे होते की पाठांतर करणं म्हणजे प्रॉम्टरचा अपमान समजायचे.

बाबांचा आवाज मोठा नव्हता, पण तो जिथं पाहिजे तिथंच जायचा. नटाच्या कानात पडायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ता लागायचा नाही. मी सात-आठ वर्षांची असताना बॅटरी धरून त्यांच्याजवळ बसायची, लाइट गेली तर वहीवर मारायला. तेव्हा त्यांच्या कामाचे नियम कळले. नटाच्या अर्धं वाक्य पुढं राहायचं. सपाट बोलायचं, कारण भाव नटाचा असतो, आपला नाही. आणि डोळे वहीवर कमी, नटाच्या हनुवटीवर जास्त ठेवायचे. नट अडला की हनुवटी बोटभर वर करतो. लोकांना वाटतं, काय रुबाबात मान वर केली. प्रॉम्टरला कळतं, ह्याला वाक्य पाहिजे.

एकदा नाटकात बाईचं लेकरू मेलं आणि मी विंगेत हुंदके देऊन रडायला लागली. बाबांनी वहीवरची नजर न हलवता मला टपली मारली. वाक्य चालूच. अंक संपल्यावर म्हणाले, "प्रॉम्टरनं रडाचं नाई. आपला गळा भरला त नटानं कुठी पाहाव?" मला तेव्हा त्यांचा राग आला होता. टपलीचा जास्त आला होता.

आता कॉलेजबद्दल. धम्मदीक्षेनंतर आमच्या समाजाच्या लोकांनी चंद्रपुरात उभं केलेलं ते कॉलेज. कुणी विटा दिल्या, कुणी मूठ-मूठ तांदूळ, कुणी नुसता अंगमेहनतीचा आठवडा. माझ्या आजीनं तिथं डोक्यावरून माती वाहिली, असं आई सांगते. आता तिथं सगळ्याच जातीची पोरं शिकतात, पण बाहेर आम्ही "ते निळ्या गेटचं कॉलेज" म्हणूनच ओळखले जायचो, आणि म्हणणाऱ्याच्या सुरावरून कळायचं की तो कौतुक करतोय की नाक मुरडतोय. आमच्या टीममध्ये बल्लारपूरच्या पेपर मिलवाल्यांच्या दोन पोरी, एक गोंडाची, एक बंगाली निर्वासितांच्या कॅम्पातली, बाकी आम्ही. मॅचच्या आधी रिंगण करून सगळ्या "जय भीम" म्हणायच्या, आणि सगळ्यात जोरात बंगाली म्हणायची. कॉलेज कधी फायनलला पोचलं नव्हतं. माझं शेवटचं वर्ष होतं, आणि त्या वर्षी आम्ही जिंकतच सुटलो.

त्याच वर्षी मोहर्लीच्या रस्त्याला, बंद पडलेल्या एका रिसॉर्टच्या जागेत, आंतरराष्ट्रीय नाट्यप्रशिक्षण केंद्र सुरू झालं. वाघ बघायला येणाऱ्यांच्या जिप्स्या जिथून जातात तिथंच. चार-पाच देशांचे शिकवणारे, शिकणारे जगभरातले, आणि झाडीपट्टीतल्या दोन माणसांना जागा ठेवली होती. तीन महिन्यांचं शिक्षण. कंपनीत कुणीतरी बोललं आणि बाबांनी मला फोन केला. "बाई, फार्म भरून देतं का? इंग्रजीत हाय म्हणे."

मी मोबाइलवर भरला. एका ठिकाणी विचारलं होतं, तुम्ही रंगभूमीवर काय करता. नट, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत. प्रॉम्टर नव्हताच. शेवटी "इतर" होतं, त्यावर मी टिक केली.

"इतर म्हंजे काय वं?" बाबांनी विचारलं.

"इतर म्हंजे तुमी."

त्यावर ते इतके हसले की फोन आईकडं गेला. "काय सांगितलं वं तू यायले?" आईनं विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या कामाचं नाव सांगितलं.

निवडीच्या दिवशी केंद्राच्या मुख्य मॅडमनी, साठीची परदेशी बाई, बाबांना विचारलं, काय करून दाखवाल? बाबा म्हणाले, पाच माणसं द्या. त्यांनी पाच देशांची पाच माणसं दिली, एकालाही मराठीचा गंध नाही. बाबा पडद्याआड बसले आणि त्यांना नाटकाचा एक प्रवेश सांगायला लागले. ती माणसं न कळणारे शब्द उचलून बोलायला लागली, आणि बाबा थांबायचे तिथं थांबायला, भांडायचं तिथं भांडायला लागली. नागपूरची एक ताई दुभाषी होती, तिनं नंतर मला सांगितलं की मॅडमनी तो प्रवेश दोनदा करायला लावला. बाबांची निवड झाली. अर्धा सीझन सोडून ते मोहर्लीला राहायला गेले. कंपनीचा मालक म्हणाला, "भाऊ, या वयात शिकाले चालले?" बाबांनी त्याला वही काढून दिली, तूच सांभाळ म्हणून.

केंद्रात एक नियम होता. तिथं कुणी कुणाला शब्द पुरवायचे नाहीत. प्रत्येकानं आपल्या आयुष्यातलं वाक्य शोधायचं आणि शेवटच्या प्रयोगात उभं राहून स्वतः बोलायचं. बाबांच्या वाट्याला तर शेवटच आला. सगळ्यांचं झाल्यावर एकट्यानं पडद्याआडून यायचं, पुढं उभं राहायचं आणि दोन वाक्यं बोलायची, की प्रयोग संपला. चौपन्न वर्षांच्या माणसानं अख्खं आयुष्य नाटकात काढलं होतं आणि लोकांसमोर तो एकदाही उभा राहिला नव्हता. तीन आठवडे त्यांना वाक्यच सापडेना. मग एक दिवस फोन आला.

"आयक. तीस वर्सं मी इथीच होतो. तुमी मले ऐकलं, पाह्यलं नाई."

मी म्हटलं, "पुढं?"

"पुढं काई नाई. एवढंच."

"दोन वाक्यांसाठी तीन महिने?"

"तुह्या गोलसाठी नव्वद मिन्टं लागतेत नं?" बाबा म्हणाले. वर आणखी हेही म्हणाले की तूबी प्रॉम्टरच हायेस, मागं उभी राहून सगळ्यायले सांगतं अन् नाव होते पुढच्यायचं. त्यांनी माझा खेळ कधीच पाहिला नव्हता, त्यांना ते कुठून कळलं कुणास ठाऊक.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन. मी होस्टेलच्या जिन्यात बसून मोजे काढत असायची आणि ते दोन वाक्यं म्हणायचे. कधी "इथीच"वर जोर, कधी "मले"वर. मी सांगायची, आज चांगलं झालं, आज फार रडकं झालं. ती वाक्यं मला त्यांच्याइतकीच पाठ झाली.

मग त्यांचा गळा बसला. पहाटे झाडापुढं उभं करून आवाजाचे व्यायाम करून घेतात, म्हणाले, त्यानं बसला असेल. त्याच दिवसांत क्वार्टर फायनलला ओरडून-ओरडून माझाही बसला. फोनवर दोघं घोगऱ्या आवाजात बोललो, दोघांचे फोन ऐकून आई म्हणाली, बापलेक दोन कावळे लागून राह्यले. माझा गळा दोन दिवसांत मोकळा झाला. त्यांचा नाही झाला. एका रविवारी मी मोहर्लीला भेटायला गेली तर गळ्याभोवती दुपट्टा. थंडी वाजते म्हणाले. मी माझी नेहमीची कॅसेट लावली, खर्रा सोडा, तंबाखू सोडा, बघा कसे खाकरून राह्यले. ते म्हणाले, "सोडला." मला वाटलं, गोड बोलतायत. पण खरंच सोडला होता. खिशात खर्र्याची पन्नी नव्हती, बोटाला चुना नव्हता. बायकोनं वीस वर्षं सांगून सोडला नाही, पोरीनं शपथा घालून सोडला नाही, आणि हा माणूस आपल्या मनानं खर्रा सोडतो, हे ऐकून मला घाबरायला पाहिजे होतं. मी खूश झाली. मूर्ख कुठली.

सेमी फायनल बल्लारपूरला झाली. समोरची टीम नव्याकोऱ्या बुटांची. बाहेरून त्यांच्याकडची पोरं आमच्या कॉलेजच्या नावानं काहीबाही बोलत होती. ते मी लिहीत नाही, ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे. आमची स्टॉपर, म्हणजे माझ्यापुढं उभी राहणारी पेपर मिलवाल्याची पोरगी, तापली आणि अंगावर जायला निघाली. मी मागून ओरडली, "जाग्यावर ये, ते तेच पाहून राह्यले." ती आली. शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही गोल मारला. सरांनी डोळे पुसले आणि चष्मा पुसतोय असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाबांचा प्रयोग होता. मी एवढी फुगली होती की सगळ्या टीमला म्हटलं, चला, माझ्या बाबांचं नाटक बघायला चला. सरांनी कॉलेजची बस काढली.

प्रयोग दुपारी चारला होता. जंगलातला रस्ता, अंधार पडायच्या आत गाड्या बाहेर निघाव्या लागतात. मोहाच्या झाडाखाली मोकळं स्टेज, मागं एक काळा पडदा, पुढं सतरंज्या. गावातले लोक आले होते, गाईड लोक आले होते, गोरे पाहुणे खुर्च्यांवर. आम्ही निळ्या ट्रॅकसूटमध्ये तिसऱ्या रांगेत. दुभाषी ताईनं सांगितलं, मोबाइल बंद, आणि प्रयोग संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. स्टॉपर माझ्या कानाशी म्हणाली, "तुझं कसं होणार?" मी तिला कोपर मारलं.

तासभर काय काय झालं ते मला फार आठवत नाही. एक पोरगी तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि जमिनीवर लोळली. मी पडद्याकडंच बघत होती. शेवटी बाकीचे बाजूला झाले आणि बाबा आले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, वरचं बटण लावलेलं. दुपट्टा नव्हता. असे सावकाश चालत आले, पुढं उभे राहिले. माझ्या बाजूच्या पोरी सरळ बसल्या.

बाबांनी तोंड उघडलं. काही आलं नाही.

त्यांनी मिटलं, पुन्हा उघडलं. मग डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं. तिथं विंगच नव्हत्या, झाडं होती. मागं कुणीतरी गावचा माणूस हळूच म्हणाला, "प्रॉम्टरच विसरला." दोघं-तिघं हसले. स्टॉपरनं माझा हात धरला. बाबांनी सतरंजीवर नजर फिरवली, रांग-रांग करत, आणि मी दिसली तिथं थांबवली. आणि हनुवटी बोटभर वर केली.

त्या शंभर-दोनशे माणसांत ती खूण कळणारी मी एकटी होती. मला कळली. वाक्य जिभेवर होतं. तीस वर्सं मी इथीच होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं, जे मी दिवसभर उघडतच असते. पण मनात आलं, मी सांगितलं तर सगळ्यांना कळेल की माझ्या बापाला दोन वाक्यं पाठ झाली नाहीत. पोरींना कळेल. गोऱ्या पाहुण्यांना कळेल. मॅडमचा नियम मोडेल. मला लाज वाटली. हे लिहितानाही बोट अडतं, पण खरं तेच आहे, मला बापाची लाज वाटली. मी खाली सतरंजीकडं पाहिलं. सतरंजीला लाल-निळे पट्टे होते.

वर पाहिलं तेव्हा बाबांनी हात जोडले होते. सगळ्यांना नमस्कार केला आणि पडद्याआड गेले.

मग टाळ्या सुरू झाल्या. खुर्च्यांवरचे पाहुणे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, न बोलणं हेच नाटक होतं. मॅडमनी डोळे पुसत बाबांना मिठी मारली. ताई म्हणाली, त्या म्हणतायत इतकं खरं मौन त्यांनी कुठंच पाहिलं नाही. बाबा मान डोलवत होते. मी त्यांच्याजवळ गेली आणि काय बोलली असेन? "बाबा, दोनच वाक्यं होती नं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग बसकडं बोट केलं, उशीर होईल, निघा. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रुसले. मी म्हटलं, रुसा. चूक तुमची आणि रुसणार तुम्हीच का? बसमध्ये स्टॉपर तेवढी म्हणाली, "होतं असं." मला तिचाही राग आला.

ते घरी गेले. फायनलला तीन आठवडे होते. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आईनं उचलला. "गळा बसला हाय, आराम करून राह्यले." मी म्हटलं, करू द्या. एवढ्या दिवसांत मी एकदाही म्हटलं नाही की त्यांच्या कानाला फोन लाव, मी बोलते, ते नुसते ऐकतील. माझा रुसवा मी पण राखून होती ना.

फायनल गडचिरोलीला होती. आई-बाबा एसटीनं आले. पहिल्यांदाच बाबा माझा खेळ बघत होते. बाउंड्रीच्या चुन्याला लागून उभे, गळ्याभोवती दुपट्टा, अंगात तोच पांढरा शर्ट, आता सैल झालेला. आमच्या कॉलेजसाठी राबलेल्या जुन्या बायका पांढऱ्या साड्या नेसून ट्रॅक्टरनं आल्या होत्या, त्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. बाबा नुसते टाळ्या वाजवत होते. मी मनात म्हटलं, एकदा तरी नावानं हाक मारा, बाकीच्यांचे बाप बघा कसे बोंबलतायत.

आम्ही हरलो. एक-शून्य. आणि तो गोल माझ्यावर आहे. बॉल वरून आला, मी ओरडली, "माझा." स्टॉपरनं ऐकलं, तिनं सोडला, आणि माझ्या हातून निसटला. तिनं मला कधी बोल लावला नाही. सर म्हणाले, फायनलपर्यंत आणलं कुणी? असं म्हणतातच.

मी ग्लोव्हज काढत बसली होती तिथं आई आली. म्हणाली, "झालं नं आता खेळणं? मंग आयक." आणि सांगितलं. बाबा प्रयोगाच्या आठ दिवस आधीच चंद्रपूरला एकटे डॉक्टरकडं जाऊन आले होते. डॉक्टरांनी गळ्यात गाठ आहे म्हटलं होतं, लगेच नागपूरला जा म्हटलं होतं. बाबांनी कागद घडी करून ठेवला. नाटक होऊ दे म्हणाले. नाटक झालं तेव्हा आईला कळलं, तिनं आकांत केला, तर तिला शपथ घातली. पोरीची फायनल होऊ दे. शेवटचं वर्स हाय तिचं. तिले कळलं त ते सोडून येईन.

मी सोडून आली असती. नक्की आली असती, आणि तो महिना वाचला असता. मी उठून बाबांकडं गेली. काय काय बोलली असेन, सगळ्या मैदानानं ऐकलं. एवढं तोंड होतं मला. एका फुटक्या कपासाठी, जो मिळाला पण नाही. ते ऐकत उभे राहिले. दुपट्ट्याच्या टोकानं माझ्या तोंडावरची माती पुसत होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही आणलं. महिनाभर आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी विचारलं नाही. कोण विचारणार? ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढावी लागली. गळ्याला समोर भोक, त्यातून श्वास. घरी आल्यावर आईनं अंगणवाडीतल्या पोरांची असते तशी पाटी आणली. बाबा तिच्यावर लिहायचे आणि बोटानं पुसायचे. मीठ कमी. बकरी सुटली. तुझी परीक्षा कधी.

परीक्षा झाली आणि मी घरी आली. एका दुपारी अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, आई ती पसरवत होती, बाबा खाटेवर होते. इतक्या दिवसांचं माझ्या पोटात होतं. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुमी विसरले होते नं?"

त्यांनी मान हलवली. पाटी घेतली. "विसरलो नाई. आवाज निंगालाच नाई." मला वाचू दिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "तुले मान वर केली. तू देशीन वाटलं."

इतके दिवस मी स्वतःला समजावत होती की त्यांना शब्द पाहिजे होते आणि शब्द काय, त्यांनीच पाठ करायला पाहिजे होते. शब्द त्यांच्याकडं होते. त्यांना माझा गळा पाहिजे होता, एका मिनिटासाठी. ज्या माणसानं तीस वर्षं लोकांना आपला आवाज दिला, त्यानं जन्मात एकदा मागितला, तो पण पोटच्या पोरीकडं. मी सतरंजीचे पट्टे मोजत होती.

मी रडली असेन, आईनं वर पाहिलं. बाबांनी खाटेवरून उठायला सुरुवात केली. मला वाटलं, आत जातायत. ते अंगणाच्या मधोमध गेले, शर्टाचं वरचं बटण लावलं, गळ्यावरचं फडकं त्याच्याखाली नीट केलं. आईकडं तोंड करून उभे राहिले. आणि मागं न बघता हाताच्या बोटांनी मला खूण केली, दाराआड जा. मी गेली. दाराच्या फटीतून त्यांची पाठ आणि थोडासा गाल दिसत होता. त्यांनी हनुवटी बोटभर वर केली.

मी म्हटलं, "तीस वर्सं मी इथीच..." आणि गळा भरून आला, पुढचं निघेना. बाबा तसेच थांबले. मग वळले, खाटेवरची पाटी घेतली, दाराशी आले आणि लिहून माझ्यापुढं धरली. "प्रॉम्टरनं रडाचं नाई."

ते परत जाऊन उभे राहिले. मी नाक पुसलं. त्यांची हनुवटी वर झाली आणि मी सांगायला लागली, सपाट, हळू, अर्धं वाक्य पुढं. आईच्या हातात मोहफुलं तशीच राहिली. दाराआडून मला त्यांचे ओठ दिसत नव्हते, पण आई नंतर म्हणाली, एकही शब्द चुकला नाही.